तिसरा चेहरा

हॉस्पिटलने आमच्या सगळ्यांच्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलंय.
सक्ती नाही. पण जेसीमोल सिस्टर राउंडला विचारते,
"लोंढे, भरलंस ना आजचं?"
धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं तसं.

रोज एकदा ते म्हणतं, आज कसं वाटतंय?
अरबीत म्हणतं, इंग्रजीत, मल्याळममध्ये, तगालोगमध्येसुद्धा.
मराठीत नाही म्हणत.
मिरजेला आईनेही असं सरळ कधी विचारलं नाही,
"जेवलीस का" एवढ्यात तिचं भागायचं.

प्रश्नाखाली पाच चेहरे.
पहिला रडतो.
पाचवा इतका हसतो
की त्याचा बीपी घ्यावासा वाटतो.
मी तिसरा दाबते.
तिसऱ्याला कुणी केबिनमध्ये बोलवत नाही.

आत एक रोपटंही आहे, मनातलं सांगितलं की त्याला पाणी मिळतं.
तिसऱ्या चेहऱ्यावर ते जगतं,
वाढत नाही.

आणि एक निळं वर्तुळ.
फुगतं, चार मोजा.
थांबतं, चार.
मिटतं, सहा.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं,
असलेच आकडे मी रात्रभर यंत्रात भरते
दुसऱ्यांच्या छातीसाठी.

सगळ्यात खाली रिकामा चौकोन: अजून काही सांगायचंय?
तिथे मात्र मी मराठीत लिहिते.
सात नंबरच्या आजीने वेणी घालून मागितली, वेळ नव्हता.
मेसची डाळ परत खारट.
भावाने हप्त्याचं विचारलं, माझं नाही.
ते म्हणतं, धन्यवाद, आपलं म्हणणं पोचलं.
पोचत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर लिहिता येतं.
प्रार्थनेचंही असंच असेल का,
हे पाळकसाहेबांसमोर बोलणार नाही.

गुरुवारी पहाटे तीन दहाला खमीस गेले.
सोहारच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं होडी, फुप्फुसात शेवटी पाणीच.
मला "बिंती" म्हणायचे, मुली,
आणि सुई टोचताना छताकडे बघून वारा कुठला ते सांगायचे.
नळ्या काढल्या. हनुवटीला पट्टी बांधली.
यंत्र बंद केल्यावर जी शांतता होते
ती कुठल्याच भाषेत भरायची सोय नाही.

बाहेर त्यांचा मुलगा, हिलाल, बंदरात क्रेन चालवतो.
भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेला,
श्वास आत जाईना, बाहेर येईना, बोटं वाकडी व्हायला लागलेली.
मला अरबी येते ती जखमेपुरती,
दुखतं का, पाणी, हात वर करा.
त्याला हिंदी येत होती बाजारापुरती.
दोन्हींत काहीच नव्हतं.

मी फोन काढला,
निळं वर्तुळ लावून त्याच्या हातात दिलं
आणि शेजारी बसले. फरशी गार होती.
फुगलं. थांबलं. मिटलं.
तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो त्याच्याबरोबर फुगला,
मग मिटताना त्याच्यातून आवाज निघाला,
होडी वाळूवर ओढतात तसा.
मग रडला. नीट, पोटातून.

किती वेळ ते मोजलं नाही. अ‍ॅपने मोजलं.
सकाळी बसमध्ये बघते तर,
शाब्बास! सलग एकोणीस मिनिटं.
आपण काल रात्रीपेक्षा अधिक शांत आहात.
आणि रोपट्याला दोन पानं,
माझ्या नावावर.

बाहेर मासळीबाजार उघडत होता,
खिडकीपर्यंत वास आला.
आज कसं वाटतंय?
पडद्यावर त्याच्या अंगठ्याचा ओला ठसा होता, वाळून मिठासारखा पांढुरका झालेला,
नेमका चेहऱ्यांच्या जागी.
पुसल्याशिवाय कुठला कुठे ते कळेना.

मी पुसला नाही.
फोन तसाच पिशवीत टाकला, डब्यावर,
आणि स्टॉप येईपर्यंत
खमीसकाका, वारा कुठला होता
ते आठवत राहिले.