काहून

सेहेचाळीस अंश. महालातल्या शाळेत
दुसऱ्या मजल्यावर कूलर घरघरतो,
नव्या वाळ्याचा वास
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर येऊन बसतो.

प्रश्न चार, ब. तेरा वसाहतींनी
इंग्लंडशी फारकत का घेतली? पाच कारणे.
नमुना उत्तर समोर उघडं आहे:
मुद्रांक कर, चहा, व्यापारावर बंधनं,
संसदेत आवाज नाही, मध्ये समुद्र.
मुद्द्याला एक गुण. सकाळपासून
एकशे बारा वेळा मी चहा बंदरात बुडवला.

मग हे निळं, उजवीकडं कललेलं अक्षर:

सर, मले पाच कारनं पाठ नाहीत.
माह्या आज्याचा बाप डोमाजी
सिव्हिल लाइन्समंधी सायबाच्या बंगल्यावर
वाळ्याच्या तट्ट्यायले पानी मारे.
आत गारवा. बाहीर डोमाजी.
एका दुपारी विहिरीले तळ लागला, तट्टी सुकली.
पगारातून दोन आने कापले.
त्यानं विचारलं, काहून?
सायबानं वर पाह्यलं नाही. कागद सारखे केले.
बटलर म्हने, असं विचारत नसतात.

दोन आन्यासाठी कोनी राज्य सोडत नाही, सर.
ते तो विसरलाबी असता.
पन 'काहून' घशात राह्यला,
भाकरीसंगं गिळला तरी खाली जाये ना.
त्याच उन्हायात लोक झेंडा घेऊन
सिव्हिल लाइन्सकडे निघाले. तिकडे झेंड्याले बंदी.
डोमाजीले रस्ता पाठ होता, रोजचाच.
फक्त त्या दिवशी हातात घागर नव्हती.

तिकडल्या लोकायचंबी असंच झालं असन.
चहा हाताशी होता म्हनून चहा फेकला.
आन् त्यायच्या घरी जे गुलाम होते
त्यायनंबी विचारलंच असन, काहून.
त्यायले कोनं उत्तर देल्लं,
हे पुस्तकात सापडलं नाही.

नमुना उत्तरात यातलं काहीच नाही.
लाल पेन उघडतो, बंद करतो.
कूलरचं पाणी संपलंय. गजरूभाऊ
जिना चढून बादली आणतात, सदरा ओला,
सकाळपासूनची चौथी.
ते गेल्यावर लक्षात येतं,
बसा म्हणायचं राहिलं.

पाचपैकी पाच.
मॉडरेटर ठवकर बाई विचारतील, काहून?
विचारू देत.
विचारायलाच हवं त्यांनी.