सायकल हिरवी होती

मोह तोडता येत नाही.
हे मला बिरजाबाई कोवेनं सांगितलं,
चैतातल्या पहाटे, तोंडात दातवण धरून.
फूल आपल्या मनानं पडते, बाबू.
आपण खालचा पाला झाडून ठेवाचा
आन अस्वलाच्या आंधी उठाचं.

मी इथला डाकपाल.
अकरा ते दोन शिक्के मारतो.
मनीऑर्डरच्या जुन्या फॉर्मांची पाठ कोरी असते,
तिच्यावर बारा वर्षं लिहितोय.
बायको म्हणते, सरकारचे कागद संपतील,
तुमची कादंबरी नाही संपायची.
पहिलं प्रकरण सतरा वेळा झाडलं मी,
जागा इतकी लख्ख
की आता तिथं गवतही धरत नाही.

आणि परवा रात्री, काहीच झाडलेलं नसताना,
पडलं.
बिरजाबाईचा सोमा.
वडशाच्या राईस मिलवर जातो म्हणून
अंधारात निघालेला,
आणि फाट्यावरचा ट्रक.
मागाहून त्याच्या नावानं आयटीआयचं पत्र आलं होतं.
पाकिटावर मीच लाल शाईनं लिहिलं: मयत.
बारा वर्षांतलं माझं
सगळ्यात नेमकं लिखाण.

सहा फॉर्म भरले, दोन्ही बाजूंनी.
सकाळी तिच्या अंगणात वाचले.
ती चटईवर मोह पसरत होती,
हात थांबला नाही तिचा.
'निळ्या सायकलीवरून निळ्या पहाटेत'
या ओळीवर मी जरा थांबलो,
खोटं कशाला सांगू, दाद हवी होती.

ती म्हणाली,
सायकल हिरवी होती.

बाकी?

बाकी तू लिवलं तसं असन.
मले का मालूम?
तो गेला तवा मी झोपून होती.

कोंबडी मोहात शिरली, तिनं हाकलली.
मी खिशातला पेन काढला,
'निळ्या' खोडलं, वर 'हिरव्या' लिहिलं.
ओळ लंगडली.
पुन्हा मनात म्हणून पाहिली,
तरी लंगडतच होती.
दुसरा शब्द शोधला असता मी,
घरी जाऊन, दार लावून, रात्रभर.

कुंपणापाशी पोचलो तेव्हा
ती मागून ओरडली:
चढावर चेन उतरे तिची.
तेबी लिव.