पुढचा आकडा नाही

डिम्पना मॅकगर्न उभी राहिली
तेव्हा तिच्या पक्षात अकरा माणसं होती,
त्यातला एक वारलेला.
त्याचं नाव कमी करायचा ठराव
कोरमअभावी दोनदा पुढे ढकलला.

पोस्टरं मी लावायचो. शिडी माझी, खांब सरकारचे.
फोटोत ती डावीकडे बघते,
कुणीतरी हाक मारल्यासारखी.
गेल्या वेळचीच पोस्टरं ती,
साल तेवढं नवं चिकटवलेलं.

बावीस वर्षं ती रुग्णवाहिकेच्या फोनवर होती.
आरोग्यधोरण विचारलं
की आकडे नाही, रस्ते सांगते:
ड्रमकीलहून इस्पितळ सत्तर मिनिटं,
बर्फ असेल तर देव जाणे,
आणि चुनाभट्टीच्या वळणावर रेंज जाते.
तिथे बाई सांगत असते नवऱ्याच्या छातीबद्दल
आणि वाक्य अर्धं राहतं.
"त्या अर्ध्या वाक्यासाठी टॉवर हवा."
झालं तिचं दूरसंचार धोरण.

झाडं? लावा की, म्हणते.
पण ओना गिल्रेनच्या स्वयंपाकघरात
जूनमध्ये, दुपारी तीनला, दिवा लागतो;
कंपनीचे स्प्रूस खिडकीला येऊन भिडलेत.
"पाखरू फिरकत नाही त्याला जंगल कसं म्हणू?
गोदाम आहे ते, उभं रचलेलं."

एका दारात माणूस म्हणाला,
बंद हॉटेलात आणून ठेवलेल्या त्या परक्यांचं काय ते बोल.
ती म्हणाली, त्यांना बस हवी आहे.
तुलाही बस हवी आहे.
बस एकच आहे, तीही मंगळवारी.
विषय बदलू नकोस, तो म्हणाला.
बसच विषय आहे, ती म्हणाली,
आणि दार लागल्यावरही
थोडा वेळ दाराशीच बोलत राहिली.

रेडिओवर पाच उमेदवार, प्रत्येकी नव्वद सेकंद.
देशाच्या तटस्थतेबद्दल विचारलं.
बाकीच्या चौघांनी छाती काढून सांगितलं.
ही म्हणाली, "अजून नक्की नाही. वाचतेय."
उरलेली ऐंशी सेकंदं
निवेदकाला कुठे ठेवावीत कळेना.
गाडीत मी बोललो: हात दाखवून अवलक्षण.
तिने अंड्याचं सँडविच मोडून अर्धं मला दिलं.
"फोनवर माहीत नसताना अंदाज सांगितला
की माणूस मरायचा," म्हणाली.

आणि मग पीट.
दलदलीतून कापायची, उन्हात वाळवायची,
हिवाळाभर जाळायची ती काळी माती.
ती म्हणते, कापणं थांबवा, आधी घरं ऊबदार करून द्या.
हे ती आमच्याच दारात म्हणाली,
माझ्या बापासमोर, ज्याच्या नखांतून
ती माती साठ वर्षं निघालेली नाही.
बाप म्हणाला, "पहिलं वाक्य ऐकलं.
दुसरं सगळेच म्हणतात."
मी पत्रकांचा गठ्ठा उगाच नीट करत राहिलो.

आमच्याकडे मतपत्रिकेवर फुली नसते, आकडे असतात:
पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
बाद झालेल्याची मतं
रबरबँड सोडून पुढच्याच्या टेबलावर जातात.
ती तिसऱ्या फेरीत गेली. सहाशे बारा. अनामत जप्त.
कठड्याशी उभी राहून बघत होती
आपली माणसं कुणाकडे चालली आहेत,
लग्न लागल्यावर वऱ्हाडाकडे बघावं तशी.

काही कुठेच गेली नाहीत.
एक आकडा लिहून थांबलेली मतं,
बाजूला वेगळी रचलेली.
वरच्याच कागदावर एक "१" होता
तळाशी आडवी रेघ मारलेला,
जमिनीत रोवलेल्या फावड्यासारखा.
असा १ मी पीटच्या पोत्यांवर बघत आलोय.
खाली सगळे चौकोन रिकामे.

लांबून बघितलं. चूक असू शकते.
जिल्ह्यात असा १ काढणारे आणखीही असतील.

पोस्टरं सात दिवसांत उतरवावी लागतात,
नाहीतर दंड.
रविवारी शिडी धरायला बाप आला.
वारा होता.
"घट्ट धरलीय," एवढंच म्हणाला.