बारा पावलं

चांगुणाबाईंच्या बांगड्या निघेनात.
साबण झाला, जेली झाली.
"फोडते हं," म्हटलं, तर हात मागे घेतला त्यांनी:
"फोरते नको बोलू गो, वारवते बोल."
मग वाढवल्या. गॉज गुंडाळून, एकेक.

भूल चढल्यावर कुशीवर वळवलं,
गुडघ्यांमध्ये उशी, कोपराखाली जेलची गादी.
टोचतंय, हे निजलेल्या माणसाला सांगता येत नाही.
ते आपण ओळखायचं.

दोन ओटी. मध्ये कॉरिडॉर.
बारा पावलं, मी मोजून ठेवलीत.
बर्फाच्या चुऱ्यात वाटी, वाटीत किडनी,
धुऊन धुऊन राखाडी झालेली,
मुठीहून जराशी मोठी.
लिन्सीने पाठीने दार रेटून धरलं.
या बारा पावलांत ती आईची राहिलेली नसते,
लेकाची झालेली नसते,
आणि माझ्या हातात आहे म्हणून माझी,
असंही नाही.

पलीकडे जयदास. तीन वर्षं डायलिसिस,
दिवसाला मोजून पाऊण लिटर पाणी,
कारावे गावात, खाडीच्या काठाला राहून.

क्लॅम्प सुटले.
कुणी बोललं नाही, मॉनिटर तेवढा.
राखाडीवर आधी ठिपके, मग सगळीच गुलाबी,
तव्यावर पडल्या पडल्या कोलंबी होते तशी.
असली उपमा सुचल्याची लाज वाटली मला,
पण सुचली.
नळीच्या टोकाशी एक थेंब. थांबला.
मग धार, थेट हिरव्या कापडावर,
आणि सर्जन मास्कच्या आत हसले, डोळ्यांवरून कळलं.

मॉप वीस. वीस.
सुया अकरा. अकरा.
मोठ्याने मोजायचं, दोघींनी.
एकीचा हिशेब इथे धरत नाहीत.

चारच्या सुमाराला रिकव्हरीत
चांगुणाबाईंनी डोळे उघडले.
ओठांवरून ओला बोळा फिरवायला गेले
तर तोंड वळवलं.
"मुतला का गो माजा पोर?"
"पहिल्या तासात साडेचारशे मिली."
त्या बघतच राहिल्या.
मग मी स्टँडवरच्या सलाईनवर बोट ठेवलं:
इथपर्यंत. जवळजवळ सगळी बाटली.

हसायला गेल्या, टाके ओढले, थांबल्या.
"बारका व्हता तवा रातचा गोधरी भिजवायचा," म्हणाल्या.
"लय मारला मी तेला."

मनगटावर बांगड्यांचे वळ अजून होते.
मी तिथेच नाडी धरली,
घड्याळाकडे बघत.
पाचचा आकडा लिहायचा होता.