धर

सलमाबादला, टायरवाल्याच्या मागच्या गाळ्यात
रात्री साडेअकरालाही भिंत हाताला गरम लागते.
शफीकुल गाडी ढकलत आला,
मागच्या डब्यात कुणाचं तरी गार झालेलं जेवण.
सिग्नलला ब्रेक दाबला तर
लिव्हर थेट मुठीला टेकला, म्हणाला,
लँडक्रूझरच्या काचेत स्वतःचंच तोंड
एवढं मोठं दिसलं.
बांगलात बोलला सगळं, आणि हातांनी.
हातांचं मला कळतं.

झाकणाचे दोन स्क्रू. आत तेल, कोऱ्या चहासारखं.
ब्रेकचं तेल पाणी पितं,
कुणी न पाजता, हवेतून,
आणि ऑगस्टात बहारीनची हवा म्हणजे
पिळायचा राहिलेला पंचा.
चाक तापलं की आतलं पाणी उकळतं.
वाफ दाबून कुणाला गाडी थांबवता आलीय?

आठ नंबरचा पाना. निपलला पारदर्शक नळी,
दुसरं टोक लबनच्या बाटलीत, तेलात बुडवून.
हे एकट्याचं काम नाही.
दाभोळला अब्बा पान्यावर, मी लिव्हरवर,
आणि लक्ष माझं फेरीबोटीकडे.
एकदा लवकर सोडला.
नळीनं गटकन हवा ओढली, सगळं पहिल्यापासून.
तो कान अजून गरम आहे.

दाब. दाब. दाब.
धर.

‘दाब’ त्याला अंगठ्यानं दाखवावं लागलं.
‘धर’ शिकवावं लागलं नाही.
नोआखालीतही धरणं म्हणजे धरणंच.

पाना पाव फेरा.
नळीतून बुडबुडे, मोहरीएवढे,
मधेच एक वाटाण्याएवढा.
पाना बंद. सोड.
सोडेना.
अरे सोड!
बोटं पांढरी पडलेली, डोळे माझ्या तोंडावर.
सोडायला त्यांच्याकडे दुसराच शब्द असावा.
त्याच्या बोटांवर हात ठेवला, तेव्हा सुटली.

असं चौदा वेळा.
वरचं तेल संपू द्यायचं नाही, पुन्हा हवा शिरते.
एक थेंब पेट्रोलच्या टाकीवर उडाला,
लगेच पाणी मारलं. रंग खातं हे तेल,
आणि रंगाचे पैसे कंपनी पगारातून खाते.

मग लिव्हरचं अंतर.
या गाडीवर त्याच्याआधी तिघे होते.
कुणा लांब बोटांच्या माणसानं
आपल्या हाताचं माप लावून ठेवलेलं,
आणि शफीकुल आठ महिने
नुसत्या नखांच्या टोकांनी थांबत होता.
बोलला नाही. गाडी कंपनीची,
आखूड बोटं त्याची, त्याला वाटलं चूक बोटांचीच.
स्क्रू दीड फेरा.
आता दुसरं पेर वळलं. हसला.

तरी एखादा बुडबुडा आत आहे, हाताला कळतं.
ट्यूबची पट्टी कापून
लिव्हर मुठीशी आवळून बांधला.
राहू दे रात्रभर, येईल वर त्याच्या सवडीनं.
डब्यातलं जेवण आम्ही दोघांनी खाल्लं.
भात बरा होता, मीठ कमी.

तो पुठ्ठ्यावर तिथंच आडवा झाला.
दिवा मालवताना पट्टी ओढून पाहिली,
गाडीला म्हटलं, धर.
पुठ्ठ्यावरून, झोपेतून, उत्तर आलं:
धोरसी.