पाण्याचा दिवस

लाल दिवा लागला की सूनबाई आतून हाक मारते,
"मामा, गेलं."
काय गेलं, ते सांगत नाही.
इतक्या घाईनं जाणारं आमच्या घरात आता एकच आहे.

मी डबा बंद करतो, तीस मोजतो, चालू करतो.
कंपनीच्या बाईनं फोनवर शिकवलेलं एवढंच.
हिरवा, हिरवा, आणि मधला पुन्हा लाल.
आत कुठल्या तरी परदेशी दवाखान्याचं बिल अर्धं राहतं.
पेशंट थांबतो की नाही माहीत नाही,
तिचा साहेब थांबत नाही.

तौफिक तीनदा आला.
पहिल्यांदा डबा बदलला.
दुसऱ्यांदा म्हणाला, "ऊन किती हाय ओ काका, चव्वेचाळीस."
तिसऱ्यांदा तो आला आणि नेट गुमान चालू.
"मला घाबरतंय की," म्हणाला, चहा पिऊन गेला.
जाताना एक सांगून गेला:
आत काचेचा केसाएवढा तंतू, त्यातून उजेड पळतो,
फार वाकवला तर सांडतो.

एकतीस वर्षं यंत्रमागावर काढली मी.
ताण्यातला धागा तुटला की
डोळ्याआधी कानाला कळायचं.
इथं आवाजच नाही.
सांडलेला उजेड शोधायचा कुठं?

मग कॅलेंडर काढलं.
दुधाच्या खाड्यांशेजारी फुल्या मारत गेलो.
तीन तारीख. सात.
बारा, कारण मध्ये पाईप फुटला होता.
सोळा.
आणि त्याच चौकटींत, सूनबाईच्या अक्षरात,
आधीपासून लिहिलेलं: पाणी.

नळाला पाणी आलं की नेट जातं,
हे कंपनीच्या बाईला सांगितलं असतं
तर तिनं आधी माझं वय विचारलं असतं.

वीस तारखेला पहाटे चारला नळ आला.
अकराला छत्री घेऊन गच्चीत जाऊन बसलो.
शेजारच्या गच्चीवर नरसम्मा आली,
कमरेवर बादली, बादलीत दोन डबल चादरी.
खांबावरून आमच्याकडे येणाऱ्या काळ्या वायरीवर
तिनं त्या टाकल्या, नीट, कडा जुळवून.
वायर भिंतीच्या कोपऱ्याशी दुमडली.
खालून हाक आली.

मी मात्र किनार बघत होतो.
आमच्याच कारखान्याची,
कुलूप लागायच्या आदल्या साली निघालेली.
माझ्या मागावरची असेल. नसेलही.

"चांगली आहे ओ तार," नरसम्मा तेलुगूत म्हणाली,
"गंजत नाही, डाग पडत नाही."
मी हो म्हणालो.

संध्याकाळी चाळीस रुपयांची नायलॉनची दोरी आणली,
तिच्या गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली.
गाठ मागावरची.
तौफिकला कळवलं नाही. त्याला ऊनच वाटू दे.

आता हाक येत नाही.
पाण्याच्या दिवशी अकराला तरी मी वर जातोच,
आणि नरसम्मा खाली असली
तर हात लांबवून चादर उलटी करतो,
दुसरी बाजू वाळावी म्हणून.