तीन पट्ट्या

देश शेवग्याच्या शेंगेसारखा.
उभा छापला तर कागदावर उरतो नुसता दोरा,
म्हणून एदुविना बाईंनी चिलीचे तीन तुकडे केले,
एकाच पानावर, शेजारी शेजारी:
उत्तर, मधला, दक्षिण.
नाव नाही, नदी नाही, फक्त कड.
प्रिंटरची शाई संपत आलेली,
शेवटच्या पाच प्रतींत दक्षिणेचा किनारा
वाळवीने खाल्ल्यासारखा.
"तो तसाच आहे," बाई म्हणाल्या,
"नुसत्या फटी आणि बेटं. जमेल तसा पुरा करा."

पुयुवापीची शाळा, चौथीचा वर्ग, चौदा मुलं,
स्टोव्हवर वाळत घातलेले मोजे.
"आधी आपलं गाव. मग राजधानी.
मग कातरा, आणि टोकाला टोक लावून चिकटवा."

रोसाल्बाने एका गावासाठी तीन ठिपके दिले:
घर, मावशी,
आणि कुत्रा पुरला ती जागा.

निवाल्दोने कात्री उचललीच नाही.
त्याचा बाप कालामाच्या खाणीत डंपर चालवतो,
वीस दिवस तिकडे, दहा इकडे,
दहातले तीन बोटीत, बसमध्ये,
विमानतळाच्या बाकड्यावर.
निवाल्दोने तिकडे एक ठिपका दिला, इकडे एक,
आणि मधली पट्टी
साडीच्या निरीसारखी मागे दुमडली,
राजधानीसकट.
उत्तर दक्षिणेला येऊन भिडली,
वाळवंटाच्या अंगाला फ्योर्डचं पाणी.

"आणि सांतियागो?"
"तिथे आमचं कुणी नाही."

बाईंना पटकन काही सुचलं नाही.
बाहेर सॅमनच्या पिंजऱ्यांकडे एक होडी निघाली होती,
तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संध्याकाळी तपासताना तो कागद
पुन्हा पुन्हा आपोआप उलगडायचा,
मधला देश उसळून वर यायचा,
बाईंनी त्यावर चहाचा कप ठेवला.
कोपऱ्यात चौकट होती: प्रमाण.
इतर मुलांनी ती सोडून दिली होती, किंवा फळ्यावरून उतरवली होती.
निवाल्दोने लिहिलं होतं:
एक बोट म्हणजे वीस दिवस.

बाईंनी दोन ठिपक्यांमध्ये आपलं बोट ठेवून पाहिलं.
त्यांचं बोट जाडं.
दोन्ही ठिपके त्याखाली झाकले गेले.

लाल पेनाचं टोपण त्यांनी परत लावलं,
पुन्हा काढलं,
आणि पुढचा कागद घेतला.
रोसाल्बाने देश उलटा चिकटवला होता.